भयाने धरलेला देव

(शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय १७, वचने २४ ते ४१)



ज्या पाठावर आम्ही आज लिहीत आहों तो आमच्या मंडळ्यांत फारसा वाचला जात नाही. राजांच्या पुस्तकात नावांची गर्दी फार, म्हणून उपदेशक बंधूही तो ओलांडून पुढे जातात. परंतु शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील पाड्यांवर राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांकरिताच जणू लिहून ठेवावा असा हा अध्याय आहे. कारण त्यात रान आहे, रानातले श्वापद आहे, आणि त्या श्वापदाच्या भयाने देव धरणारी माणसे आहेत.

हकीकत अशी. इ. स. पूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या राजाने शोमरोन घेतले, इस्राएल लोकांस धरून नेले, आणि ओस पडलेल्या गावांत बाबेल, कूथा, अव्वा, हमाथ व सफरवाईम येथील लोक आणून बसविले. मुलूख त्यांना नवा होता. ते परमेश्वराचे भय धरीत नव्हते, म्हणून त्याने त्यांच्यात सिंह पाठविले आणि सिंहांनी कित्येकांस मारिले. तेव्हा राजाकडे गाऱ्हाणे गेले की, या देशाच्या देवाची रीत ह्या लोकांस ठाऊक नाही, म्हणून हे संकट आले. राजाने धरून नेलेल्या याजकांपैकी एकास परत पाठविले. तो बेथेल येथे येऊन राहिला व परमेश्वराचे भय कसे धरावे हे लोकांस शिकवू लागला. लोक शिकलेही. पण त्याबरोबरच प्रत्येक जातीने आपापल्या गावी आपापले देव मांडून ठेविले, आणि दोन्ही चालू राहिली : परमेश्वराचे भयही आणि त्या देवांची सेवाही.

या लोकांनी परमेश्वरास नाकारिले असे शास्त्र म्हणत नाही. नाकारिले असते तर गोष्ट सोपी होती. त्यांनी त्याला घेतले, पण रांगेत घेतले. जेथे इतके देव होते तेथे आणखी एक मांडला. सिंहांचे काम त्याच्याकडे, म्हणून त्याचे भय. पिकाचा व पोराबाळांचा देव जुनाच. वरवर पाहता यात देवाचा मान वाढला असे दिसते. शास्त्र मात्र त्याच अध्यायात थोड्या वचनांनंतर साफ सांगते की, ते परमेश्वराचे भय धरीतच नव्हते. रांगेत बसविलेल्या परमेश्वराला परमेश्वर आपले नाव लावून घेत नाही.

आमच्या रानांत सिंह नाहीत. पट्टेरी वाघाची वस्तीही आता राहिलेली नाही. पण तानसा अभयारण्याच्या रानात बिबट्या आहे, आणि शेळी नेली, वासरू नेले ही बातमी पाड्यांवरून अजून येते. आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस असते. त्या दिवशी गुराखी शिवेवरच्या वाघोबापुढे जमतात. शेंदूर माखलेला दगड किंवा लाकडी फळी, तिच्यावर वाघ कोरलेला, वर चंद्रसूर्य; नारळ फुटतो, कोंबडे कापले जाते, आणि गुरांमाणसांची राखण कर असे मागणे होते. ठाकूर, महादेव कोळी, वारली या आमच्या बांधवांत ही चाल फार जुनी आहे. तिची थट्टा करावयास आम्ही बसलो नाही. ज्याने गुरांमागे रानात रात्र काढली नाही त्याने त्या भयाला हसू नये. परंतु बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य रविवारी मंडळीत गातो, प्रभुभोजनास बसतो, आणि वाघबारशीला शेजाऱ्याच्या हाती आपलाही एक नारळ गुपचूप पाठवितो, तेव्हा तो शोमरोनातील त्या लोकांचा सोयरा होतो. त्याला विचारावे तर तो म्हणतो, ‘पाळकसाहेब, मी गेलो नाही, नुसता नारळ गेला.’

याकोबाची बायको राहेल हिने बापाच्या गृहदेवता चोरून उंटाच्या खोगिरात घातल्या व ती वर बसून राहिली (उत्पत्ति ३१). आमच्याकडे उंट नाही, पण भाताची कणगी आहे. भिंतीवर प्रभूचे चित्र, फळीवर शास्त्र, आणि कणगीमागे टोपलीत फडक्यात बांधलेले वडिलार्जित टाक, अशी घरे आम्हांस ठाऊक आहेत. ‘आजोबांचे आहेत, टाकवत नाहीत,’ असे घरची म्हातारी सांगते. त्या माउलीस आम्ही लबाड म्हणत नाही. आजोबांची आठवण ठेवणे ही एक गोष्ट आणि मूल तापाने फणफणले की मध्यरात्री ती टोपली उघडणे ही दुसरी गोष्ट. याकोबाला देवाने बेथेलास बोलाविले तेव्हा त्याने आपल्या घरच्या सर्वांजवळचे परके देव मागून घेतले व शखेमजवळच्या झाडाखाली पुरले (उत्पत्ति ३५). घरच्यांनी ते आपल्या हातांनी दिले, ही गोष्ट उपदेशकांनी ध्यानात घ्यावी. कोणाच्या घरात शिरून कणगी हुसकण्याचा अधिकार आम्हांस नाही. आणि शेजारच्या घरातील, शिवेवरील किंवा देवळातील वस्तूला बोटही लावण्याचा नाही. इफिसातील चिटणीसाने भर गर्दीत साक्ष दिली की, पौलाच्या सोबत्यांनी देवळे लुटली नाहीत व देवीची निंदा केली नाही (प्रेषितांची कृत्ये १९). मूर्तिपूजा सोडा म्हणणाऱ्या माणसाविषयी मूर्तिपूजकांच्या गावाने अशी साक्ष द्यावी यापरते भूषण कोणते?

आता मुळाशी जाऊ. माणसे परत का वळतात? दगडात देव आहे असे त्यांना शास्त्रार्थ करून पटते म्हणून नव्हे. भय वाटते म्हणून. आणि भय दिवसा उपदेशाच्या वेळी येत नाही, ते रात्री येते.

श्रावणात भातखाचरे भरलेली असतात. झोपडीत भुईवर निजलेल्या माणसाला मण्यार डसते. तिच्या दाताची खूण पुष्कळदा दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते. घरात रडारड. अशा वेळी पाड्यावर एक मनुष्य हाक मारताच येतो, तो भगत. तो तांदळाचे दाणे मांडतो, अंगारा लावतो, कोंबडे मागतो. त्याच्या हातून विष उतरत नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे एकच इंजेक्शन सरकारी रुग्णालयांत मिळते, आणि भगताच्या अंगणात गेलेली घटका ही त्या रोग्याच्या आयुष्यातून गेलेली असते. हे सर्व आम्ही उपदेशात सांगतों, आणि ते खरे आहे. पण दुसरेही एक खरे आहे, ते आम्ही सांगत नाही. भगत रात्रभर रोग्याजवळ बसतो. आमचा उपदेशक आठवड्यातून एकदा पाड्यावर येतो, आणि त्याचे अर्धे लक्ष परतीच्या एस.टी.कडे असते. ज्याच्या घरी रात्री कोणी आले नाही, त्याने सकाळी भगताला कोंबडे दिले म्हणून त्याला मंडळीच्या पंचांपुढे उभे करणे सोपे आहे. त्या रात्री मंडळी कोठे होती, हे पंचांना कोण विचारणार?

याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांस बोलवावे असे सांगितले आहे. बोलाविण्याजोगे वडील जवळपास असतील तरच ना तो बोलावील? आमच्या मते प्रत्येक मंडळीने दोन घरे नेमावी की ज्यांचे दार रात्री कोणत्याही वेळी ठोठावता येईल. त्यांच्याकडे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविण्यासाठी दूरध्वनी असावा, आणि तो लागत नसेल तर कोणाची जीप शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात नेईल हे आधी ठरलेले असावे. बायका घरोघर मुठीचे तांदूळ काढून ठेवितात. त्या दानातून काही रक्कम या कामासाठी वेगळी ठेवावी. रोग्याचा डसलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, चिरू नये, करकचून बांधू नये, वाटेत प्रार्थना करीत जावे. प्रार्थना करीत गेल्याने गाडीचा वेग कमी होत नाही, आणि गाडीने गेल्याने विश्वास कमी होत नाही. ही शंका अजून आम्हांस विचारली जाते म्हणून येथे लिहिली.

भयाचे दुसरे रूप म्हणजे गावाचे भय. याविषयी आमच्या महाराष्ट्रातीलच एक गोष्ट सांगतों. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग यांच्यासारखे विद्वान गृहस्थ तिच्यात होते. मूर्तिपूजा मानावयाची नाही, जातिभेद पाळावयाचा नाही, असे सभासदांचे ठरले होते; पण हे सर्व बंद दाराआड. बाहेर पडले की जो तो पूर्वीसारखा. १८६० च्या सुमारास सभेची दप्तरे चोरीस गेली, सभासदांची नावे उघडी होणार अशी धास्ती पडली, आणि सभा मोडली. बाबा पदमनजी हे याच सभेतले. त्यांनी मात्र १८५४ साली बेळगावास उघडपणे बाप्तिस्मा घेतला, त्यापायी जे सोसावे लागले ते सोसले, आणि १९०६ साली देवाघरी जाईपर्यंत लेखणी खाली ठेविली नाही. परमहंस सभेतील गृहस्थ वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांचे विचार त्यांच्या काळाच्या पुढे होते. परंतु त्यांचा सत्याविषयीचा विश्वास खोलीतला होता व आचार रस्त्यावरचा होता. आमच्यातील कित्येकांचे त्याच्या उलट झाले आहे. विश्वास रस्त्यावर सांगावयाचा, आणि खोलीत टोपली.

गावाचे भय खोटे नाही, हेही सांगितले पाहिजे. गावदेवाच्या जत्रेची वर्गणी ज्याने दिली नाही त्याचे नाव लावणीच्या सावडीतून गळते. त्याच्या खाचरात चार माणसे यावयाची ती येत नाहीत, आणि रोप पिवळे पडते. याला आम्ही काय सांगावे? आमचे मत असे आहे. गावाच्या विहिरीचा गाळ काढावयाचा असेल, शाळेची कौले शाकारावयाची असतील, रस्त्यावर मुरूम टाकावयाचा असेल, तर ख्रिस्ती माणसाने इतरांच्या दुप्पट द्यावे, आणि सर्वांच्या आधी कुदळ घेऊन जावे. बोकडाच्या वर्गणीला मात्र हात जोडून, मऊ शब्दांत, नाही म्हणावे. ज्याची कुदळ गावाने पाहिली आहे त्याचे ‘नाही’ गाव ऐकून घेते. नेहमीच ऐकते असे नव्हे. न ऐकले तर त्या वर्षी त्याच्या लावणीला मंडळीतील माणसांनी जावे, मग त्यांची स्वतःची खाचरे चार दिवस मागे पडली तरी चालतील.

पुष्कळ जण विचारतात की, पौष पौर्णिमेला म्हसे येथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, तेथे जावे की न जावे? म्हशाचा गुरांचा बाजार मोठा. बैल तेथे मिळतो, घोंगडी तेथे मिळते. करिंथकरांना हाच प्रश्न पडला होता. पौल त्यांना सांगतो की बाजारात विकले जाते ते विचारपूस न करता खावे, परंतु हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी दाखवून दिले तर खाऊ नये (१ करिंथ. १०). तेव्हा बैल घ्यावा, दात पाहून घ्यावा, घोंगडीही घ्यावी. बैल लाभू दे म्हणून नवस बोलू नये, आणि बैल लाभला म्हणून फेडू नये. इतके स्पष्ट असता काही बंधू बाजाराचेच पाप करून ठेवितात, आणि मग आपल्या शेताला बैल लागला की दुसऱ्याच्या नावाने घेतात. असल्या सोवळेपणाने कोणाचाच विश्वास वाढलेला आम्ही पाहिला नाही.

येथवर वाचून ज्यांच्या घरी टोपली नाही ते निश्चिंत झाले असतील. त्यांच्यासाठी पुढचाच, म्हणजे अठरावा अध्याय आहे. रानात इस्राएल लोकांना साप डसले तेव्हा देवाच्या सांगण्यावरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर लाविला, आणि त्याकडे पाहणारे वाचले (गणना २१). देवाच्या आज्ञेने केलेली वस्तू, खरा उपकार झालेली वस्तू. पण शेकडो वर्षांनी पाहतों तो लोक त्या पितळेच्या सापापुढे धूप जाळीत आहेत. हिज्कीया राजाने तो फोडून टाकिला व त्याला नहुश्तान, म्हणजे पितळेचा तुकडा, असे म्हटले. हा साप कोणा परक्या जातीने आणिलेला नव्हता, तो मंडळीच्याच कोठारातला होता. आता आमच्या घरांत पाहा. आजाऱ्याच्या उशाखाली शास्त्र ठेवितात, पण उघडून त्याला वाचून दाखवीत नाहीत. मुलाच्या गळ्यात क्रूस बांधितात, पूर्वी जेथे ताईत होता त्याच दोऱ्यात. कोणा दूरच्या सभेतून आणिलेली तेलाची बाटली भाताच्या बियाण्यावर शिंपडतात. प्रभूच्या चित्राला हार घालून उदबत्ती लावितात. चित्र भिंतीवर असण्यास आमची हरकत नाही. पण ज्या दिवशी चित्राकडे राखण मागितली गेली त्या दिवशी तो नहुश्तान झाला, मग त्यावर कोणाचेही मुख रंगविलेले असो. अशा वेळी आपण नवा देव धरिला नाही, जुनीच रीत धरून नाव तेवढे बदलले आहे.

मग राखण कोणाकडे मागावी? परमेश्वराकडे, हे लेकरूही सांगेल. पण परमेश्वर राखीलच काय, बिबट्या येणार नाही काय, मूल वाचेल काय? येथे उपदेशक मंडळी फार उतावीळ होतात आणि नको ती हमी देऊन बसतात. वाघोबा सोडलास तर तुझी शेळी जाणार नाही, असे कोणी सांगितले असेल तर त्याने परमेश्वराला दुसरा वाघोबा करून दिला. शेळी गेली की तो मनुष्य परत जाईल, आणि त्यात त्याचा दोष अर्धाच असेल. शद्रख, मेशख व अबेद्नगो यांनी नबुखद्नेस्सराला काय उत्तर दिले ते दानिएलाच्या तिसऱ्या अध्यायात वाचावे. आमचा देव आम्हांस भट्टीतून सोडवावयास समर्थ आहे, हे त्यांनी सांगितले. आणि त्याने सोडविले नाही तरीही आम्ही मूर्तीला नमणार नाही, हेही त्यांनी सांगितले. ही दुसरी गोष्ट कोणत्याही भगताला सांगता येत नाही, कारण त्याचा सर्व व्यवहार कोंबड्याच्या बदली कामाचा आहे. लेकरू बापाजवळ राहते ते बापाने रोज खाऊ दिला म्हणून नव्हे. ज्यांची लेकरे प्रार्थना करूनही गेली, आणि जी मंडळीत आपल्या जागी अजून बसतात, अशी आईबापे आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांच्यापुढे उपदेश करण्यास उभे राहताना आमचे पाय थोडे कापतात.

उपदेशक बंधूंनो, शास्त्रपाठातील तो याजक कोठे राहिला ते पुन्हा एकदा पाहा. बेथेलास. यराबामाने सोन्याचे वासरू उभे केले ते हेच बेथेल. त्या गावचा याजक लोकांना एकनिष्ठा शिकविणार, ती किती शिकविणार? त्याने भय शिकविले, रीत शिकविली, आणि रीत शिकून लोकांनी ती आपल्या इतर रीतींशेजारी ठेविली. ज्या उपदेशकाच्या स्वतःच्या घरी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त पंचांग पाहून निघतो त्याच्या पाड्यावर टोपल्या निघणार नाहीत.

शहापूर तालुक्यातील तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते, भातसाचेही जाते. वैशाखात त्याच तालुक्यातील पाड्यांवर बाया हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. धरण भरलेले आणि हंडा रिता, हे दुःख आम्हांस कोणी समजावून सांगावयास नको. म्हणून यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायातील गाऱ्हाणे आम्ही इतरांपेक्षा चांगले समजू शकू. तेथे पाणी कोणी नळाने दूर नेलेले नाही. जिवंत झरा लोकांच्या दाराशीच आहे, आणि ते स्वतः उठून उन्हात फुटके हौद खणावयास गेले आहेत.

त्याच शोमरोनाच्या मुलखात, जेथे याकोबाने परके देव पुरले त्या जागेपासून फार दूर नाही अशा सूखार गावाजवळ, सिंहांच्या त्या गोष्टीनंतर सातशेहून अधिक वर्षांनी आमचा प्रभु दुपारी थकून विहिरीपाशी बसला. एक बाई घागर घेऊन आली. तिचे पाच नवरे झाले होते, आणि या पाच नवऱ्यांत काही जुन्या टीकाकारांनी त्या पाच लोकांचे देव पाहिले आहेत. आम्हांस तो अर्थ ओढूनताणून काढलेला वाटतो. बाईचे दुःख तिचेच असू द्यावे. तिने त्याला उपासनेचे ठिकाण विचारिले, हा डोंगर की यरुशलेम. त्याने ठिकाण सांगितले नाही, पिता सांगितला, आणि तो आपले उपासक शोधीत फिरत आहे असे सांगितले. ज्या मुलखाने भयापोटी देव धरिला होता त्या मुलखात देव स्वतः माणसे शोधीत आला. ती घागर तेथेच टाकून गावात गेली, आणि गावाने त्याला दोन दिवस ठेवून घेतले.

वाघबारशीच्या संध्याकाळी उपदेशक बंधूंनी आपापल्या पाड्यावर मुक्कामास राहावे अशी आमची विनंती आहे. त्या दिवशी परतीची एस.टी. धरू नये. गुरे परत आली की ज्या घरी गोठा आहे त्या घरी मंडळीने जमावे, गोठ्याच्या दाराशी घोंगडी टाकून बसावे, लेकरांकडून एकेका जनावराचे नाव घेऊन देवाचे उपकार मानवावे, आणि घरोघरचे तांदूळ एकत्र शिजवून जेवावे. शेजारी आले तर त्यांनाही वाढावे. गोठ्याचे कूड व दार मजबूत आहे की नाही ते उजेड असतानाच पाहून घ्यावे, आणि विजेरी बरोबर आणावी, कारण बिबट्या खरा आहे.